सांगून थांब

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा माझं वाक्य अर्धंच राहिलं. ‘आई, तेच तेच किती वेळा’ म्हणालीस, आणि ते खरंच आहे. म्हणून समुद्राचं पाणी अडवणारी दारं बघायला कॉलेजबरोबर नेदरलँड्सला निघण्याआधी लिहूनच देते. मामा उद्या पुण्याला येतोय, पापडांच्या डब्याखाली हे पाकीट आहे. तुझ्या मागे राहण्याच्या सवयीबद्दल यात एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

आधी कागद. दिवसभर लोकांचे फॉर्म भरते, तेव्हा यात तरी माझं ऐक. व्हिसाच्या स्टिकरवर तीन गोष्टी स्वतः वाच: नाव पासपोर्टाशी अक्षर न अक्षर जुळतं का, किती वेळा आत जाता येतं, आणि किती दिवस राहता येतं. लोक नुसत्या पासून-पर्यंतच्या तारखा बघतात आणि फसतात. राहायचे दिवस त्याहून कमी असू शकतात, आणि उतरल्याचा नि निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजतात. तुमचा व्हिसा एकदाच आत जाण्याचा आहे. शेंगेन देशांच्या, म्हणजे या एका व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांच्या, बाहेर मध्येच पाऊल टाकलंत तर परत आत येता येणार नाही. कुणी म्हणालं लंडन काय जवळच आहे, तर हसून सोडून दे.

पासपोर्ट, विम्याचा कागद (30,000 युरोंच्या खाली चालत नाही, तुझा बरोबर आहे, मी बघितलाय), कॉलेजचं पत्र, हॉटेलांची यादी, परतीचं तिकीट हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत ठेव. मोठी बॅग तुझ्या हातून गेलेली असते तेव्हाच ॲम्स्टरडॅमचा अधिकारी कागद मागतो. किती दिवस, कोणाबरोबर, कुठे राहणार, एवढं विचारेल. तेवढंच सांग, धरणांवर व्याख्यान देऊ नकोस. पहिल्यांदा येणाऱ्यांचा फोटो घेतात आणि बोटांचे ठसे तपासतात, त्यामुळे रांग मुंगीच्या पावलाने सरकते. निम्मी मुलं सुटतील, निम्मी अडकतील. सुटलेल्यांनी सामानाच्या पट्ट्याशीच थांबायचं, हे सरांकडून आधी ठरवून घे. नाहीतर शेवटी कोण राहील ते मला माहीत आहे.

लिहिलंच शेवटी. असो.

पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत, मग हेगचा आपला दूतावास. तिथे मिळणारा तात्पुरता कागद फक्त घरी परतण्यापुरता असतो, पुढे फिरायला नाही. त्याला फोटो लागतात. चार नवे काढून पाकिटात घातलेत. पासपोर्टाच्या पानांचा फोटो मोबाइलमध्येही ठेव आणि मैत्रिणीलाही पाठव, कारण पिशवी गेली तर पुष्कळदा मोबाइलही तिच्यातच असतो.

खाऊचं सांगते. दुधाचं आणि मांसाचं काहीही तिथे नेता येत नाही. म्हणून तूप, पेढे आणि आजीच्या दुधातल्या नारळवड्या घरीच ठेवल्या. आजी माझ्यावर रुसली आहे, तूच फोन करून समजूत काढ. मासळीला बंदी नाही, पण सुकट पाठवली असती तर खोलीतल्या मुलींनी तुला बाहेर काढलं असतं. पोह्याचे पापड तळूनच दिलेत, चुरा झाला तरी खा. आंबापोळी आहे. लोणचं मोठ्या बॅगेत टाक. वर, हातातल्या पिशवीत नेलंस तर तेलामुळे ते द्रव पदार्थात मोजतात आणि 100 मिलिलिटरच्या वरची बाटली काढून घेतात. झाकणाखाली प्लॅस्टिक ठेवून आवळलंय, तरी दोन पिशव्यांत बांध. पॉवरबँकचं उलटं. ती हातातल्या पिशवीतच लागते, खाली गेली तर बॅग उघडायला बोलावतात. सुकं खोबरं दिलेलं नाही, त्यातल्या तेलाने पेट घेतं म्हणून सामानात चालत नाही.

कार्डाने पैसे देताना मशीन विचारेल, रुपये की युरो. युरोच दाब. रुपये दाबलेस तर दर ते मशीन ठरवतं आणि तो आपल्या फायद्याचा नसतो. ट्रेनसाठी स्टेशनात आत जाताना जे कार्ड टेकवलंस तेच बाहेर पडताना टेकव. एकदा कार्ड आणि एकदा मोबाइल केलंस तर ते दोन वेगळे प्रवासी समजतात आणि दोन्हीकडून जास्तीचे पैसे कापतात. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर चालेल, लॅपटॉपचा तीन पिनांचा बसणार नाही.

थंडीपेक्षा वाऱ्याचं बघ. नोव्हेंबरात तिथे समुद्रावरून वारा येतो, छत्री उलटी होते. टोपीचा रेनकोट घे, आत दोन पातळ थर. एक जाड स्वेटर भिजला की दिवसभर भिजलेलाच राहतो.

आणि रस्ता. गाड्या उजव्या बाजूने, म्हणून ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. फुटपाथला लागून लालसर डांबराची पट्टी दिसते, ती सायकलींची. ती चालायची जागा वाटते, पण सायकली जोरात येतात आणि घंटी वाजवल्यावर तू बाजूला होशील हे ते गृहीत धरतात. तू कुठेही थांबतेस मनू. मध्येच, सगळे पुढे जात असताना, मान वर करून. अलिबागच्या एसटी स्टँडवर थांबतेस, बाजारात थांबतेस. त्या लाल पट्टीवर थांबू नकोस, एवढंच.

आणि ट्रेनचं दार बंद होऊन तू फलाटावर राहिलीस तर पुढच्या गाडीने मागे धावायचं नाही. तिथेच उभं राहायचं. बाकीचे पुढच्या स्टेशनवर उतरतील, एक जण परत येईल. दोघींची जोडी करा, प्रत्येक वेळी चढण्याआधी जोडीदारीण दिसते का बघायचं. सरांनी पस्तीस डोकी मोजण्यापेक्षा ते भरवशाचं. 112 हा नंबर तिथेही चालतो.

बघ, पुन्हा भाषण झालं. रागावू नकोस.

खरं तर या थांबण्याला मीच जबाबदार आहे. शेतावर काम असलं की तुला बांधावर उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारापाशी, बसवायचे. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून खाडीत जायचं, भरती आली की खाडीचं पाणीच ती दाबून लावायचं. तू ती लागेपर्यंत हलायची नाहीस. आता तू बघायला चाललीस ते रॉटरडॅमजवळचं दार आजोबांना मी वाचून दाखवलं: 1997 सालचं, दोन पाखं, एकेक 210 मीटर लांब आणि 22 मीटर उंच. एरवी काठाच्या सुक्या गोदीत उभी. रॉटरडॅमला पाणी 3 मीटरच्या वर जाणार असा अंदाज आला की गोदीत पाणी सोडतात, पाखं तरंगत नदीत येतात, मग पोटात पाणी भरून तळाला बसतात. निर्णय संगणक घेतो. हे ऐकून आजोबांनी कपाळाला आठी घातली. 1953 च्या एका रात्री तिथले बांध फुटले आणि 1,836 माणसं गेली, हे सांगितल्यावर मात्र बराच वेळ बोलले नाहीत. आपल्याकडे उधाणात बांधाला खांड पडते तेव्हा भात जातं.

ऑस्टरस्खेल्डचं त्यांना जास्त आवडलं. ती खाडी आधी कायमची बुजवणार होते. शिंपल्यातली कालवं काढणारे आणि मासेमारी करणारे भांडले, म्हणून 1986 मध्ये 62 झडपा बसवल्या आणि भरती-ओहोटी चालू ठेवली. ‘शहाणी माणसं,’ म्हणाले.

त्यांचा एकच प्रश्न आहे, तो तिथल्या माणसाला विचारून ये. आपल्या उघाडीत गाळ साचला की झडप पुरती बसत नाही, फटीतून खारं पाणी शेतात येतं. एवढं मोठं दार तळाला बसतं, तर तिथल्या गाळाचं काय करतात? नीट समजेपर्यंत विचार. त्यासाठी थांबलीस तरी चालेल, फक्त जोडीदारणीला सांगून थांब.

तुझी,
आई

ता. क. डबा परत आण. तो मावशीचा आहे.