‘आय-फाइव्ह’ म्हणजे नेमका कोणता?

महोदय,

घरासाठी संगणक म्हटले की बहुतेक जण सरळ लॅपटॉप घेतात. टेबलावरून हलणारच नसेल तर डेस्कटॉप बरा. त्याची रॅम, डिस्क, पॉवर सप्लाय सुटे मिळतात. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. आज ८ जीबी घेतली की पुढे वाढवता येत नाही. वीज जाणाऱ्या गावात डेस्कटॉपसोबत ६०० व्हीएचा यूपीएस धराच, पण तो काम सेव्ह करण्यापुरता. त्यावर लेझर प्रिंटर लावू नये, ओव्हरलोड होतो. ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनमध्येच सगळा संगणक बसवलेला, दिसायला देखणा, पण स्क्रीन गेली की अख्खा संगणक दुरुस्तीला.

खरी फसगत रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकलेल्या जुन्या मालात होते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून आता विंडोज ११ चालणारा संगणक हवा. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. दुकानदार नुसते ‘आय-फाइव्ह’ (इंटेलच्या प्रोसेसरचे एक नाव) म्हणतो, पिढी गिळतो. आय५-६५०० ही सहावी, आय५-८५०० आठवी. जुन्यावर खटपटी करून विंडोज ११ चढवून देतात खरे, पण पुढे मोठे अपडेट अडू शकते.

जुना लॅपटॉप घेताना दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. मूळ क्षमता आणि आताची फुल चार्ज क्षमता त्यात दिसते. ती निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागावेत. विक्रेत्यांनीही पावतीवर प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहावा.

— एक वाचक