चर्चच्या तळघरातलं गाणं

न्यू हेवन, कनेटिकट

ती. बाबा,
सा. न.

परवा फोनवर बोलताना मागे वाजणाऱ्या गाण्यातलं ते ‘शू-डू, शू-बी-डू’ काय आहे, असं तुम्ही विचारलंत आणि तेवढ्यात दारावर कुणीतरी आलं. घाईघाईत सांगून टाकावं असं ते गाणं नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसले.

गाण्याचं नाव ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’. गाणारे ‘द फाइव्ह सॅटिन्स’, आणि ही पोरं आमच्या याच गावची. फ्रेड पॅरिस नावाच्या मुलाने ते लिहिलं आणि मुख्य आवाजही त्याचाच. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि सैन्यात भरती झालेला होता. रात्रीच्या पहाऱ्यावर उभं असताना प्रेयसीच्या आठवणीत त्याला हे शब्द सुचले.

या गाण्यांना इथे डू-वॉप म्हणतात. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांतल्या कृष्णवर्णीय मुलांकडे वाद्यं घ्यायला पैसे नसायचे. मग चार-पाच जण कोपऱ्यावर, जिन्यात, रेल्वेच्या भुयारी स्टेशनात, म्हणजे जिथे आवाज घुमतो तिथे उभे राहून गायचे. एकाने शब्द गायचे, एकाने खर्जात ठेका धरायचा, बाकीच्यांनी मधली जागा भरायची. ‘शू-डू’ हे त्या मधल्या आवाजांचं काम. आपल्या तराण्यात ‘दिर दिर तोम’ला अर्थ विचारत नाहीत, तसंच हे. फरक एवढाच, की तराण्यात ते बोल म्हणजेच गाणं असतं आणि इथे ते मागे उभे राहून दुसऱ्याच्या गाण्याला आधार देतात.

रेकॉर्डिंग झालं १९५६ च्या फेब्रुवारीत, सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात. सॅक्सोफोन वाजवणारा विनी माझेटा त्याच चर्चला जाणारा, त्याच्या ओळखीने जागा मिळाली. गट ‘फाइव्ह’ म्हणून ओळखला जात असला, तरी त्या दिवशी गाणारे चौघंच होते. चांगल्या स्टुडिओत कुणी कान पकडून पुन्हा गायला लावलं असतं असे काही सूर त्यात आहेत. ड्रम भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटतात, पॅरिसचा आवाज वरच्या पट्टीत जरा घासतो. मला तर ते घासणंच आवडतं. १९९२ मध्ये ‘बॉइझ टू मेन’ या गटाने हेच गाणं अगदी स्वच्छ, सुरेल गायलं आणि ते खूप गाजलंही. तेही मी मन लावून ऐकते, पण त्यात मला गळे ऐकू येतात. जुन्यात ती खोलीसुद्धा ऐकू येते.

आता पेटी काढा. पांढरी एकला सा धरा. आधी सा-ग-प एकत्र दाबा. मग मंद्र ध घेऊन ध-सा-ग. मग म-ध-सा. शेवटी प-नी-रे. प्रत्येकावर थोडं थांबा आणि पुन्हा सा-ग-प वर या. याच चार पायऱ्यांवर त्या काळातली शेकडो गाणी उभी आहेत, हे गाणंही बहुतेक त्यांच्यावरच फिरतं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना सा आणि ग जागचे हलत नाहीत, फक्त प जाऊन मंद्र ध येतो, आणि तेवढ्यानेच मन उदास होतं. तिसऱ्यातही ध आणि सा तसेच राहतात, ग चा म होतो. चौथ्यात मात्र तिसऱ्यातला एकही सूर उरत नाही, तिथे जीव अधांतरी लटकतो आणि सा कधी येतो असं होतं. तो येतो, आणि लगेच चक्र पुन्हा सुरू. लय अगदी संथ, प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे पियानोवर पडत राहतात. तुमचा हात बसलेला आहे, दोन मिनिटांत जमेल.

पण नुसत्या या चक्राने गाणं टिकलं असतं, तर बाकीची शेकडोही टिकली असती. मला वाटतं ते शब्दांमुळे. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणणारी गाणी ढिगाने आहेत. हा मात्र मे महिन्यातली एक रात्र आठवतो आहे, वर तारे होते ते आठवतो आहे, आणि उजाडायच्या आत पुन्हा एकदा मला जवळ घे म्हणतो आहे. म्हणजे पहिल्यांदा वाजलं त्या दिवशीही हे गाणं आठवणीचंच होतं. एकोणिसाव्या वर्षी लिहिलेलं असूनही सत्तरीतल्या माणसाला ते आपलं वाटतं, ते यामुळेच.

पॅरिसच्या नशिबी काय आलं बघा. गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला घातलेलं. तेच लोकांनी उचललं, बिलबोर्ड या मासिकाच्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीत २४ व्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि हा तेव्हा सैन्याच्या नोकरीत जपानमध्ये! गटाचं पुढचं गाजलेलं गाणं त्याच्या जागी दुसऱ्याने गायलं. मला याचं फार वाईट वाटतं. पण गाण्याने त्याला सोडलं नाही. १९६० मध्ये आणि १९६१ मध्ये ते पुन्हा यादीत आलं, १९८७ मध्ये ‘डर्टी डान्सिंग’ या सिनेमामुळे नव्या पोरांपर्यंत पोचलं. तो परत येऊन पुढे कितीतरी वर्षं ते गात राहिला. २०२२ च्या जानेवारीत गेला, ८५ वर्षांचा होऊन.

दादाच्या फोनवर गाणं पाठवलं आहे. त्याला ते मोठ्या स्पीकरवर लावायला सांगा, फोनवर खर्ज ऐकूच येत नाही. पहिल्यांदा फक्त मागचे आवाज ऐका, दुसऱ्यांदा पॅरिसला. मधला सॅक्सोफोन आईला आवडेल असं वाटतं. आणि त्या चार पायऱ्या पेटीवर जमल्या की रविवारी फोन कराल तेव्हा वाजवून दाखवा, वरचे शब्द मी म्हणेन.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, येणाऱ्या कुणाबरोबर पाठवते.

तुमची,
चिमी