छताच्या कामाबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, मागच्या खोलीचं छत तुम्ही स्वतःच दुरुस्त करायला घेताय, असं आई फोनवर म्हणाली. शिडी लावण्याआधी माझं एवढं ऐका.

नळाचा वॉशर, दाराची कडी, खिडकीच्या कडेचं सिलिकॉन ही कामं तुमचीच. तुमच्यासारखी सफाई बाहेरच्या माणसाच्या हाताला नाही. शिवाय त्यात काही बिघडलं तर उकलून पुन्हा करता येतं. स्वतः करायचं की माणूस बोलवायचा, हे ठरवताना मी तेवढंच बघते: चुकलं तर काय होईल?

छत चुकलं तर डोक्यावर येतं. आईने पाठवलेल्या फोटोत पोपड्यांखाली तांबूस रेघ दिसतेय. आतली सळई गंजलीय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून फोडत सुटतो. त्यावर पुट्टी आणि रंग लावला तर डाग झाकेल, गंज वाढतच राहील. सैल झालेलं सगळं काढायचं, सळई घासून गंजरोधक लावायचं, मग दुरुस्तीचं मॉर्टर भरायचं. सळई फारच झिजली असेल तर इंजिनिअरला दाखवावंच लागेल. आणि गच्चीवर पाणी कुठून मुरतंय ते सापडल्याशिवाय खालच्या कामाला अर्थच नाही. मान वर करून, शिडीवर तासन्‌तास उभं राहून हे तुम्ही करावं, हे मला अजिबात पटत नाही.

दोन-तीन ठेकेदारांना बोलवा. साहित्य कोणतं, थर किती जाडीचा, पाणी किती दिवस मारणार, राडारोडा कोण उचलणार, हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा हप्ता मात्र गच्चीवर पाणी साठवून गळती थांबल्याची खात्री झाल्यावरच. देखरेख तुम्हीच करा, बाबा. हातोडीने हलकेच ठोकल्यावर भद्द आवाज आला की तिथे पोकळ आहे, हे तुम्हीच मला शिकवलंय. काम झाल्यावर सगळं छत तसंच ठोकून बघा.

आई, त्या खोलीत तोवर कुणी झोपू नका. ओल पंख्याच्या वायरीपर्यंत गेली असेल, म्हणून तिथली लाइन मेनपासून बंद ठेवा आणि वायरमनकडून तपासून घ्या. कोटेशनं आली की फोटो पाठव. खर्चाचं मी बघते.

तुमची,
लेक