आत्याच्या मृत्युपत्राच्या कामी मदत करणाऱ्यांचे आभार

आत्या गेली. मृत्युपत्र होतं, तरी त्याला कोर्टाकडून प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा दाखला, मिळेपर्यंत बराच काळ गेला. त्या काळात ज्यांनी हात दिला त्यांतल्या बहुतेकांची नावंही मला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

सर्वांत आधी मृत्युपत्रावर सही केलेले साक्षीदार काका. चालणं अवघड झालेलं असूनही ते प्रतिज्ञापत्रासाठी आले आणि आत्याने आपल्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली, हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. एका नातेवाइकाने हरकत घेतली तेव्हा त्यांचं हेच म्हणणं सर्वांत भक्कम ठरलं. साक्षीदार हयात असणं आणि त्याने असं ठामपणे उभं राहणं किती मोलाचं असतं, ते तेव्हा उमगलं.

कोर्टाच्या खिडकीवरच्या ताई, तुम्ही अर्ज नुसता परत केला नाहीत. मालमत्तेच्या यादीत काय राहिलंय ते ओळीओळीने दाखवलंत. मृत्यूच्या दाखल्याच्या जादा प्रमाणित प्रती काढून ठेवायला सांगितलंत, त्या खरोखरच जागोजागी लागल्या. बँकेतल्या दादांचेही आभार.

आणि ते निवृत्त वकीलसाहेब! फी न घेता त्यांनी आम्हा भावंडांना समोर बसवून समजावलं: आधी अंत्यविधीचा खर्च, कर आणि देणी, मगच वाटणी. घाईने वाटप केलं, तर राहिलेल्या देण्याचा जाब एक्झिक्युटरलाच, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यालाच, द्यावा लागू शकतो. त्या बैठकीनंतर घरातला ताण निवळला.

साहेब, सगळी देणी फिटली आहेत. घरही आत्याने लिहिल्याप्रमाणे आम्हा भाचरांच्या नावावर झालं आहे.