सांबऱ्याहून दिल्ली किती लांब?

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

तुम्ही दोघं दिल्लीला माझ्याकडे या म्हटलं, की फोनवर आपलं बोलणं 'बघू या'वर येऊन अडकतं. म्हणून बाबा, तुमच्याच पद्धतीनं सगळा हिशेब कागदावर मांडून पाठवतेय.

विमानाला पावणेदोन तासच लागायला हवेत, हे तुमचं गणित चुकीचं नाही. आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळापासून दिल्ली सरळ रेषेत साधारण १४३० किलोमीटर. विमान तासाला ८०० नं गेलं तर पावणेदोन तास पुरेत. मग वेळापत्रकात अडीच तास कसे? तर हा वेळ विमान सांबऱ्याला जागेवरून हलल्यापासून दिल्लीत उभं राहीपर्यंतचा धरतात. धावपट्टीपर्यंत जायचं, मग वर चढायला वीसेक मिनिटं, तेव्हा वेग कमीच. दिल्ली दोनशे किलोमीटरवर असतानाच ते खाली यायला लागतं, आणि पुढं उतरणाऱ्यांची रांग असतेच. शिवाय आकाशातले मार्गही ठरलेले असतात, तिथं फूटपट्टी ठेवून कोणी उडत नाही.

बेंगळूरला विमान बदलून जायचा सल्ला तुम्हाला कुणी दिला कोण जाणे, पण तो द्राविडी प्राणायाम आहे. आधी साडेचारशे किलोमीटर उलट्या दिशेला, तिथून दिल्ली आणखी १७००. वर मधे तास-दोन तास बसून राहायचं ते वेगळंच. थेट विमान ज्या दिवशी असेल तोच दिवस धरू.

आता वेळापत्रकात नसलेला वेळ. खानापूरहून सांबरा ३५-४० किलोमीटर, पण बेळगाव ओलांडायचंय, तेव्हा दीड तास धरा. दोन तास आधी पोचायचं. दिल्लीत सामान घेऊन घरी यायला आणखी दीड तास. म्हणजे उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत साडेसात तास. गोवा एक्स्प्रेसला मिरज, पुणे, मनमाड, भोपाळ करत दोन हजारांवर किलोमीटर आणि दोन रात्री लागतात. बाबा, तुम्हाला खिडकीत बसून स्टेशनं मोजायला आवडतं हे ठाऊक आहे, पण आईच्या गुडघ्यांना वरखाली करायला लावू नका. विमानतळावर तिच्यासाठी चाकाची खुर्ची मिळते, पैसे पडत नाहीत. तिकीट काढतानाच मी सांगून ठेवीन. आई, लाजू नकोस, बस त्यात.

सामान माणशी १५ किलो, हातातलं ७. कुंदा खुशाल आण. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत, दोन प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधून. सुकं खोबरं मात्र अजिबात नको. त्यात तेल असतं, पेट घ्यायचा धोका, म्हणून तपासणीत काढून ठेवतात. तेवढ्यासाठी बॅग सगळ्यांसमोर उघडायला लावतील. खोबरं इथं मिळतं गं, चव जरा कमी असेल एवढंच.

दिवाळीला या म्हणून आता हट्ट धरत नाही. त्या दिवसांत इथली हवा घशाला लागते, बाबांच्या दम्याला तर नकोच. डिसेंबर अखेरीपासून जानेवारीभर धुकं, विमानं तासन् तास रखडतात. फेब्रुवारी उत्तम. थंडी असते, पण एका स्वेटरची.

दोघांच्या आधार कार्डांवर नावं जशी आहेत तशीच लिहून पाठवा. बाबांचं आडनाव आधी आहे की शेवटी, तेही बघा. परत जायचं तिकीट मी इतक्यात काढत नाही.

तुमची,
लेक