युद्धनौकेवरची राखण

लंडन,
रविवार

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे खुशाल आहे. मागच्या फोनवर गणेशने विचारले होते, की युद्धनौकेच्या रडारला सगळेच दिसत असेल, तर तांबड्या समुद्रात तिच्यावर येणाऱ्या क्षेपणास्त्राची एवढी धास्ती कशासाठी. तो नौदलाच्या परीक्षेची तयारी करतो आहे, म्हणून घाईने काही सांगण्यापेक्षा सविस्तर लिहितो. पत्र त्यालाही वाचायला द्यावे.

गेल्या आठवड्यात थेम्स नदीत कायमची नांगरलेली ‘बेलफास्ट’ ही क्रूझर जातीची जुनी ब्रिटिश युद्धनौका पाहून आलो. डिसेंबर १९४३ मध्ये नॉर्वेच्या उत्तरेकडच्या काळोखात ‘शार्नहॉर्स्ट’ या जर्मन नौकेचा माग हिच्या रडारने काढला होता. लढाई वर उभे राहून दुर्बिणीतून पाहत होत असेल, अशी माझी समजूत होती. पण जिथे सगळी माहिती गोळा होते, त्या ऑपरेशन्स रूमला खिडकीच नाही. मंद उजेडात पडद्यावर ठिपका उमटतो, आणि तो कोण, कुठे चालला आहे, हे तिथल्या माणसांनी ठरवायचे असते.

रडारला सगळे दिसत नाही, याचे कारण पृथ्वीची गोलाई. माळ्यावर चढले की ज्वारीपलीकडचा बांध दिसतो आणि खाली उतरले की दिसेनासा होतो, तसेच हे आहे. रडार पाण्यापासून २५ मीटर उंच असेल आणि क्षेपणास्त्र लाटांवरून ५ मीटरवर येत असेल, तर ते दिसते सुमारे ३० किलोमीटरवर. एक्झोसेट या नौकांवर मारा करणाऱ्या फ्रेंच क्षेपणास्त्राचा वेग सेकंदाला ३०० मीटरहून थोडा अधिक, म्हणजे हाती राहतो जेमतेम दीड मिनिट. यासाठीच नौकेला नुसते पाहून भागत नाही, ऐकावेही लागते. अंधारात बॅटरी लावणाऱ्याला आपण दिसण्याआधी त्याची बॅटरी आपल्याला दिसते. तसेच शत्रूच्या विमानाने रडार लावले, की त्याच्या लहरी पकडणारे यंत्र नौकेला आधी सावध करते.

तरीही घात होतो. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ‘ग्लासगो’ या ब्रिटिश विनाशिकेने अर्जेंटिनाच्या विमानांचे रडार ऐकले, ताफ्याला इशारा दिला आणि चाफ उडवला, म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या तंतूंचा ढग, जो क्षेपणास्त्राला नौकेसारखा भासतो. पण असे इशारे आधी अनेकदा फोल ठरले होते, त्यामुळे विमानवाहू नौकेवर त्यावर विश्वास बसला नाही. जवळच्या ‘शेफील्ड’वर त्याच वेळी उपग्रहामार्फत संदेशवहन चालू होते आणि त्याने तिचे ऐकणारे यंत्र बधिर केले होते. तिच्यावरून चाफसुद्धा उडाला नाही. एक्झोसेट तिच्यावर आदळले, २० जण गेले, आणि सहा दिवसांनी नौका बुडाली. हे वाचून मी बराच वेळ सुन्न होतो; शेजारच्या नौकेने ओरडून सांगितलेले असूनही ती माणसे गेली.

उलट चूक याहून भयंकर. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ने इराणचे प्रवासी विमान लढाऊ विमान समजून पाडले आणि २९० माणसे मारली. विमान वर चढत होते, ऑपरेशन्स रूममध्ये मात्र ते खाली झेपावत असल्याचे सांगितले गेले. रेडिओवरून हाकाही घातल्या होत्या, पण बहुतेक लष्करी वारंवारितेवर, जिथे त्या वैमानिकाला त्या ऐकूच येत नव्हत्या.

अण्णा, तुरीत रानडुकरे शिरायची त्या वर्षी रात्री खसफस ऐकून तुम्ही गोफणीत दगड घातला होता, तरी आधी “कोण आहे रे?” म्हणून हाक दिलीत, आणि उत्तर आले ते शेजारच्या तात्यांचे. तुमच्यापाशी थांबायला वेळ होता. नौकेवरच्या अधिकाऱ्याला तेच दीड मिनिटात करायचे असते, आणि त्यातच येणाऱ्या क्षेपणास्त्राला लांबवरच पाडणारे आपले क्षेपणास्त्र सोडायचे, चाफ उडवायचा. शेवटचा आधार म्हणजे फॅलँक्ससारखी आपोआप चालणारी, मिनिटाला ४,५०० गोळ्या झाडू शकणारी तोफ. तोफेची वेळ आली म्हणजे क्षेपणास्त्र अगदी दारात आलेले असते, म्हणून माझ्या मते खरे कौशल्य त्याच्या आधीचे, ओळखण्याचे आहे.

गणेशला एक गणित देतो. तेच ३० किलोमीटर अंतर आहे, पण क्षेपणास्त्र सेकंदाला एक किलोमीटर वेगाने येते. ओळख पटवायला २० सेकंद गेले, तर उरलेल्या वेळात तो काय करील आणि कोणत्या क्रमाने? उत्तर फोनवर नको, सावकाश विचार करून लिहून पाठवावे.

आईस साष्टांग नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
दत्ता