मे महिन्यात येताय म्हणून

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

आई, परवा फोनवर तू ऐकवलंस त्याचं उत्तर तेव्हा देता आलं नाही, मागे दोघा मुलांची कुस्ती चालू होती. "एवढ्या उन्हात लेकरांना पडक्या भिंती बघायला कशाला नेतेस?" असं तू म्हणालीस, आणि लगेच मागून बाबा, "चौतीसला ऊन म्हणतात होय!"

बाबा, सोलापूरच्या बेचाळिसात तुमचा भिजलेला सदरा दोरीवर टाकायच्या आत वाळतो. इथे गोव्यात चौतीसला तो संध्याकाळपर्यंत ओला राहतो. हवेतच इतका ओलावा की घाम उडत नाही, नुसता निथळतो, आणि घाम उडाला नाही की अंग निवत नाही. मुलांचं अंग तर आपल्यापेक्षा लवकर तापतं, आणि खेळाच्या नादात तहान लागल्याचंही त्यांना कळत नाही. म्हणून आकड्यावर जाऊ नका. पण म्हणून मी घरीही बसत नाही. निघण्याआधी एवढंच बघते, की जागा कुठल्या दगडाची आहे आणि सावली किती आहे.

जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिन चर्चचा पडका मनोरा तुम्ही लांबून पाहिलाय. तो सगळा जांभ्याचा, इथली माणसं चिरे म्हणतात तो. डोक्यावर छप्पर नाही, झाडं कडेला. दहा वाजले की भिंती आणि फरशी दोन्हीकडून झळ मारतात, म्हणून आम्ही उन्हं वर यायच्या आत जातो. चर्च बांधून झालं १६०२ मध्ये. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले, साधू गेले, आणि मग छपराकडे बघणार कोण? जांभा म्हणजे स्पंजच, चुन्याचा गिलावा गेला की पाऊस पिऊन पिऊन आतून ठिसूळ होतो. १८४२ मध्ये आतली कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग. मूळ उंची ४६ मीटर. थोरल्याला यातलं काहीच नको होतं, त्याला फक्त घंटा कुठे गेली ते हवं होतं. ती १८७१ पासून पणजीच्या पायऱ्यांवरच्या चर्चमध्ये टांगलेली आहे. येताना खालून दाखवली तेव्हा कुठे तो गाडीत नीट बसला.

चिमीला मात्र राणीची गोष्ट लागते. जॉर्जियाची राणी केतेवान, धर्म सोडत नाही म्हणून १६२४ मध्ये इराणात शिराझला तिला मारलं, आणि ऑगस्टिनच्या साधूंनी तिच्या अस्थी गोव्यात याच चर्चमध्ये आणल्या. इथल्या उत्खननात सापडलेल्या हाडांची हैदराबादच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली, आणि २०२१ मध्ये त्यातला भाग जॉर्जियाला सन्मानाने परत दिला. चार वर्षांच्या मुलीला हाडांची गोष्ट सांगू नये असं तुझं मत असेल, आई. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, राणीला घरी जायला किती वेळ लागला? मला उत्तर नीट देता आलं नाही, म्हटलं खूप.

पणसायमळचं तुम्हाला फोटोत काहीच कळलं नाही म्हणालात. कळणार नाहीच. सांगे तालुक्यात, रिवणच्या बाजूला, कुशावती नदीकाठी उघड्या जांभ्यावर शंभराहून जास्त चित्रं कोरली आहेत. बैल, हरणं, नाचणारी बाई, आणि एक चकव्यासारखी वर्तुळांत वर्तुळं. गावातल्यांना ती आधीपासून माहीत होती, गुराख्यांनी काढली म्हणायचे. अभ्यासकांच्या नजरेत ती १९९३ मध्ये आली. रत्नागिरी-राजापूरच्या कातळशिल्पांबरोबर हीदेखील २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. एक नातेवाईक आपल्या मुलांना घेऊन भर बारा वाजता तिथे गेले आणि "काही नाही हो तिथे" असं सांगत आले. खरंच नसणार! सूर्य डोक्यावर असला की कोरलेल्या रेषेत सावली पडत नाही, दगड नुसता सपाट दिसतो. सकाळी किरणं तिरपी असतात तेव्हा बैलाची शिंगं उठून येतात. म्हणजे मुलांच्या सोयीची वेळ आणि बघण्याची वेळ एकच. चित्रांवर पाय द्यायचा नाही, हे एकदाच सांगावं लागलं. चकव्याच्या कडेने चिमी बोट हवेत फिरवत बसली आणि निघायला तयार होईना. कातळ तापायला लागला तशी मी तिला उचलून नदीकाठच्या झाडाखाली नेली आणि दोघांच्या मानेवर ओला पंचा टाकला. परतीच्या वाटेवर निरो मिळाला, काजूच्या बोंडूंचा ताजा रस. फ्रॉकवरचे डाग आता जन्माचे.

तेव्हा तुमच्यासाठी मी या दोन्ही जागा ठेवलेल्या नाहीत. साखळीजवळ हरवळ्याची लेणी आहेत, सहाव्या-सातव्या शतकातली, लोक पांडवांची म्हणतात. तीही जांभ्यातच खोदलेली, पण आत शिरलं की गारवा. धबधबा जवळच आहे, मे महिन्यात त्याची धार बारीक असते, ती मनाशी धरून येऊ नका. आणि तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ. कदंबांच्या काळातलं, काळ्या पाषाणाचं, अनमोड घाटाच्या पायथ्याशी अभयारण्यात, भोवती दाट झाडी. हा दगड तिथला नव्हे, घाटावरून आणलेला. बाबा, तुम्हाला सिद्धेश्वराच्या देवळात खांब निरखत बसायची सवय आहे, इथे एका खांबाच्या तळाशी हत्तीने घोड्याला पायाखाली घेतलेलं शोधून दाखवा. थोरल्याने ते तुमच्यासाठी राखून ठेवलंय आणि मला सांगायची बंदी केली आहे. मंडपातल्या नंदीला डोकं नाही, त्याबद्दल चिमी तुम्हाला जाब विचारेल.

पाणी मी मागायची वाट न बघता थोड्या थोड्या वेळाने देते, लिंबूसरबतात मीठ-साखर घालून. मूल गप्प झालं, चिडचिडं झालं, अंग तापलेलं लागलं, की देऊळ असो नाहीतर राजवाडा, थेट सावलीत. तुमच्या बाबतीतही हाच नियम, बाबा, तिथे हट्ट चालणार नाही.

आई, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी जास्त होण्याची गोळी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घे, या दमट उन्हात पाणी किती प्यायचं आणि गोळी तशीच ठेवायची का. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तुमची,
लेक

ता. क. सोलापुरी पंचे चार आणा, पातळच. इथल्या बाजारातले टॉवेल पाणी धरत नाहीत. शेंगाचटणी मात्र जावयांना कळू न देता माझ्या हातात द्या.